सलाईनच्या कुपीतला मणी आणि पेटंटची आठ वर्षे

आईच्या आजारपणात मी सलग अकरा रात्री रुग्णालयात तिच्या उशाशी बसून काढल्या. त्यांतल्या तीन रात्री एकच गोष्ट घडली. पहाटेच्या सुमारास माझा डोळा लागला, सलाईनची बाटली रिकामी झाली, थेंब थांबले, आणि नळीतला द्रव उतरत उतरत शिरेतल्या दाबाशी बरोबरीला आला. मग आईने झोपेत हात जरा हलवला तशी रक्ताची बारीक रेघ सुईतून उलटी नळीत चढली. असे रक्त गोठले की ती सुई बंद पडते आणि दुसऱ्या जागी नवी टोचावी लागते, आणि आईच्या हातांवर तर आधीच जागा उरली नव्हती. वॉर्डात रात्रपाळीला एकच सिस्टर होत्या. त्या धावून येत होत्या, त्यामुळे त्यांना दोष द्यावा असे काही नव्हते.

मी प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचे साचे आखते. त्यामुळे चौथ्या रात्री माझी नजर बाटलीखालच्या पारदर्शक कुपीवर खिळली, जिच्यात थेंब पडताना दिसतात. त्या कुपीत पाण्यावर तरंगणारा एक हलका मणी ठेवला, तर द्रव संपत आल्यावर तो खाली बसेल, भोक बुजवेल आणि नळी भरलेलीच राहील, असे मला वाटले. तेव्हा माझ्या मनात नफा नव्हता आणि पेटंटचा तर विचारही नव्हता. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण पुढच्या आठ वर्षांत मला पुन्हा पुन्हा याच मुद्द्याकडे वळावे लागले. शोध सुचायला काय लागते आणि सुचलेला शोध लोकांच्या हातात पडायला काय लागते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पेटंटवरच्या बहुतेक वादांत ते एकमेकांत मिसळलेले असतात.

पहिले नमुने मी घरच्या थ्रीडी प्रिंटरवर काढले. प्लॅस्टिकची तार वितळवून थरावर थर चढवण्याच्या या पद्धतीच्या मूळ पेटंटसाठी १९८९ मध्ये अर्ज झाला, ते १९९२ मध्ये मंजूर झाले आणि २००९ मध्ये त्याची मुदत संपली. तोवर हे यंत्र मोठ्या कंपन्यांनाच परवडत असे. मुदत संपल्यावर काही वर्षांतच ते माझ्यासारखीच्या टेबलावर आले. पण हेही खरे की ज्याने ते पेटंट घेतले त्याने त्याच्या बळावर कंपनी उभी केली आणि यंत्र विकण्याजोगे केले. मुदत संपण्याची वाट न पाहता २००५ पासून बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी सुरू केलेल्या रेपरॅप प्रकल्पात लोकांनी खुल्या आराखड्यांवर काम करून ठेवले होते, म्हणून २००९ नंतर सगळे इतक्या झपाट्याने घडले. माझा पहिला मणी या दोन्ही वाटांच्या संगमावर तयार झाला.

एका ओळखीच्या अभियंत्याने पेटंट एजंटाकडे, म्हणजे पेटंटचे अर्ज तयार करून देणाऱ्या तज्ज्ञाकडे, जाण्याचा सल्ला दिला. एजंटांनी पहिलाच प्रश्न विचारला, "हे तुम्ही कोणाकोणाला सांगितले आहे?" एका तंत्रमहाविद्यालयात मी पुढच्याच आठवड्यात या कल्पनेवर बोलणार होते. त्यांनी ते भाषण तातडीने रद्द करायला लावले, कारण बहुतेक देशांत अर्ज करण्यापूर्वी शोध जाहीर झाला तर त्याचे नवेपण संपते आणि पेटंटही मिळत नाही. मग पाच महिने मी गप्प राहिले. त्या काळात मला सगळ्यांत जास्त गरज होती ती इतरांनी माझ्या आराखड्यात चुका काढण्याची, आणि नेमके तेच बंद झाले. ज्या व्यवस्थेचा हेतू ज्ञान उघड करणे हा आहे, तिच्या दारात शिरताना पहिली अट मौनाची असावी, याचा त्रास मला अजूनही होतो.

आधीच्या ज्ञानाचा शोध, ज्याला या व्यवसायात प्रायर आर्ट म्हणतात, हा माझ्या दृष्टीने या साऱ्या प्रक्रियेतला सर्वांत मोलाचा भाग ठरला. दुसऱ्याच दिवशी माझा मणी मला सापडला. कित्येक दशकांपूर्वीच्या, मुदत संपलेल्या एका पेटंटात तीच कुपी, तोच तरंगता गोळा आणि तेच गोल भोक शाईने रेखाटलेले होते. आधी वाईट वाटले. मग मी ते वर्णन नीट वाचले आणि प्रश्न पडला की इतकी साधी वस्तू मग वापरात का नाही? याचे उत्तर मला माझ्याच टेबलावर मिळाले.

नवी बाटली लावली की मणी वर येत नसे. माझा मणी आठ मिलिमीटर व्यासाचा, पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा. त्याची घनता पाण्याच्या सुमारे नऊ दशांश, म्हणजे त्याला वर उचलणारे बल जेमतेम ०.०३ ग्रॅम वजनाइतके. पण तो ज्या तीन मिलिमीटरच्या भोकावर बसतो, त्याच्या खाली भरलेल्या नळीचा स्तंभ लोंबकळत असतो. साठ सेंटिमीटरचा स्तंभ धरला तर त्याची खालची ओढ चार ग्रॅमहून थोडी जास्त भरते. म्हणजे धरून ठेवणारे बल उचलणाऱ्या बलाच्या दीडशे पट होते. मी बोटाने कुपीवर टिचक्या मारत असे आणि मणी ढिम्म हलत नसे. त्या जुन्या शोधकर्त्याचे बहुधा इथेच अडले असावे.

यावर मी भोकाच्या कडेला बारीक खाचा पाडल्या, जेणेकरून थोडी गळती होऊन दाब सारखा होईल. ती युक्ती चालली, पण ती एका चालू पेटंटाच्या दाव्यात, म्हणजे हक्क नेमका कशावर आहे हे सांगणाऱ्या वाक्यात, जशीच्या तशी होती. तो दिवस मला स्वच्छ आठवतो. चालणारा नमुना समोर होता आणि तो बनवण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाचा होता. जेम्स वॉटवरही अशी वेळ आली होती. वाफेच्या यंत्राला चाक फिरवण्यासाठी क्रँक, म्हणजे मागेपुढे होणाऱ्या हालचालीने चाक फिरवणारा वाकडा दांडा, जोडायची, तर १७८० मध्ये जेम्स पिकार्डने तिच्यावर पेटंट घेऊन ठेवलेले होते. म्हणून वॉटने १७८१ मध्ये दातेरी चाकांची, सूर्याभोवती ग्रह फिरावा तशी वेगळी रचना पेटंट केली. ती क्रँकहून अवघड होती आणि पिकार्डच्या पेटंटची मुदत संपल्यावर क्रँकच सर्वत्र चालली. त्यामुळे अडथळ्यातून नवे सुचते हे मान्य करूनही असे नवे नेहमीच अधिक चांगले असते असे मला म्हणवत नाही.

माझ्या बाबतीत मात्र ते अधिक चांगले निघाले, आणि त्याचे श्रेय माझे नाही. आईच्या वॉर्डातल्या सिस्टरांना मी गोपनीयतेच्या कागदावर सही घेऊन नमुना दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, सवयीने नळीचा चिमटा बंद केला, कुपी दोनदा दाबली आणि म्हणाल्या, "ताई, नवी बाटली लावली की आम्ही कुपी अशी दाबतोच. त्या दाबण्यातच तुमचा मणी सुटायला हवा. आम्हाला वेगळे काही करायला लावलेत तर रात्रीच्या गडबडीत कोणी करणार नाही." मी घरी येऊन मणी ज्यावर बसतो ती भोकाची कडक बैठक काढून टाकली आणि तिच्या जागी सिलिकोनची मऊ कडी बसवली, जी कुपी दाबली की किंचित लंबगोल होते. फट पडते, वरचा द्रव खाली झिरपतो, दाब सारखा होतो आणि मणी टुणकन वर येतो. पहिल्या वेळी तो वर आला तेव्हा मी एकटीच होते आणि मोठ्याने ओरडले.

अर्जात शोधकर्ता म्हणून कोणाचे नाव घालायचे हा प्रश्न लगेच उभा राहिला. दाव्यातल्या कल्पनेत ज्याचा वाटा आहे तो शोधकर्ता, हा नियम स्पष्ट आहे. आराखडा मी काढला असला तरी दाबण्यातूनच मणी सुटावा ही कल्पना सिस्टरांची होती. आमच्या परिचयातल्या एका गुंतवणूकदाराने त्यांचे नाव घालू नका, पुढे वाटण्या कराव्या लागतील, असे सुचवले. त्या गुंतवणूकदाराशी मी पुन्हा बोलले नाही. आमच्या दोघींची नावे अर्जावर आहेत आणि मिळकतीचा वाटा निम्मानिम्मा आहे. इथे पेटंटच्या कायद्याबद्दल मला आदर वाटतो. तो नसता तर सिस्टरांचे ते वाक्य गप्पांत विरून गेले असते, कारण कोणाकडून काय आले हे लिहून ठेवायला आम्हाला कोणी भागच पाडले नसते.

पुढचे टप्पे थोडक्यात सांगते. आधी तात्पुरते वर्णन दाखल केले, बारा महिन्यांत पूर्ण वर्णन आणि दावे दिले, अठरा महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध झाला. दावे लिहिण्याचे काम मात्र विलक्षण होते. मी लिहिले होते "गोल मणी". एजंटांनी केले "द्रवापेक्षा कमी घनतेचा, कोणत्याही आकाराचा तरंगता अडथळा". मी लिहिले होते "सिलिकोनची कडी". ते झाले "बाह्य दाबाने आकार बदलणारी कोणतीही बैठक". शब्दागणिक कुंपण बाहेर सरकत होते आणि मी न केलेल्या गोष्टीही त्यात येत होत्या. परीक्षण अहवालात तो जुना शाईचा गोळा पुढे ठेवून परीक्षकांनी पहिले पाच दावे फेटाळले. मला त्याचा आनंदच झाला. त्या तीन पानांत माझ्या यंत्रणेतले नवे काय आणि जुने काय याची जितकी नेमकी फोड होती, तितकी मला कोणाशीही बोलून मिळाली नव्हती. दावे आकसून मऊ बैठकीपुरते उरले आणि चौथ्या वर्षी पेटंट मंजूर झाले.

मंजुरीच्या आधीच, अर्ज प्रसिद्ध झाल्यावर दोनच महिन्यांत, सलाईन संच बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने आमच्याशी करार केला. त्यांना एकाधिकार हवा होता, म्हणजे हा भाग दुसऱ्या कोणीही बनवायचा नाही. आम्ही हुरळून गेलो आणि सही केली. नंतर दोन वर्षे काहीच घडले नाही. विचारले की उत्तर येई, "पाहणी चालू आहे." शेवटी त्यांच्याच एका अधिकाऱ्यांनी मला प्रामाणिकपणे सांगितले की त्यांचा सध्याचा संच व्यवस्थित खपतो आहे, नव्या भागाने खर्च वाढेल पण किंमत वाढवता येणार नाही, आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती तो पडू नये एवढ्यासाठी करार केलेला बरा असे वरिष्ठांना वाटले. म्हणजे नफ्याच्या प्रेरणेने इथे शोधाला कपाटात ठेवले आणि पेटंटने त्या कपाटाला कुलूप लावले. त्या दोन वर्षांत किती हातांवर नव्या सुया टोचल्या गेल्या असतील, हा विचार मला झोपू देत नसे.

त्या काळात मी या विषयावर बरेच वाचले, आणि जे वाचले त्याने माझा संताप थोडा निवळला, थोडा पक्का झाला. वॉटचे उदाहरण पुन्हा समोर आले. त्याचे १७६९ चे पेटंट १७७५ मध्ये खास कायद्याने १८०० पर्यंत वाढवले गेले, आणि त्या वाढीच्या भरवशावर त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने यंत्रांच्या उत्पादनात पैसा ओतला. तो पैसा नसता तर वॉटचे यंत्र प्रयोगशाळेतच राहिले असते, असे मानायला जागा आहे. पण त्याच पेटंटने जोनाथन हॉर्नब्लोअरच्या दोन सिलिंडरांच्या यंत्राची वाट अडली. कॉर्नवॉलच्या खाणींतल्या अभियंत्यांनी तर मुदत संपल्यानंतर, १८११ पासून, आपापल्या यंत्रांची कामगिरी दरमहा छापून एकमेकांना खुली केली. पुढच्या काही दशकांत त्या यंत्रांची कार्यक्षमता कित्येक पटींनी वाढली, आणि त्यातल्या बहुतेक सुधारणांवर कोणी पेटंट मागितलेच नाही.

औषधांचे गणित वेगळे आहे हेही मी मान्य करते. रेणूची नक्कल सोपी असते आणि तो माणसाला सुरक्षित आहे हे सिद्ध करणे अतोनात खर्चाचे. तिथे संरक्षण नसेल तर तो खर्च खासगी पैशातून कोण करील, या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. मात्र संरक्षण असूनही जिथे गिऱ्हाईक नाही तिथे पेटंट हतबल असते. आफ्रिकेत माशीच्या चाव्यातून पसरणाऱ्या निद्रारोगावरचे फेक्सिनिडाझोल हे औषध १९८० च्या दशकात बाजूला पडले होते, कारण तो आजार गरिबांचा. २००३ मध्ये स्थापन झालेल्या डीएनडीआय या ना-नफा संस्थेने ते पुन्हा शोधून काढले, एका औषध कंपनीला सोबत घेऊन चाचण्या केल्या, आणि २०१८ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने त्याच्या बाजूने मत दिले. मधली कित्येक वर्षे ते औषध नुसते कागदावर होते.

अर्थशास्त्रज्ञ फ्रिट्झ माखलुप यांनी १९५८ मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीसाठी पेटंट व्यवस्थेचा आढावा घेतला होता. अशी व्यवस्था अस्तित्वात नसती तर ती सुरू करा असे हाती असलेल्या ज्ञानावरून सांगणे बेजबाबदारपणाचे ठरले असते, पण ती इतका काळ चालत आलेली असताना मोडा असे सांगणेही बेजबाबदारपणाचेच ठरेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. पूर्वी मला असला निष्कर्ष पळवाट वाटला असता. कपाटातल्या दोन वर्षांनंतर तो मला अनुभवी माणसाचा वाटला.

आमच्या करारात एजंटांनी एक कलम घातले होते, ज्याकडे सही करताना मी फारसे लक्ष दिले नव्हते. दोन वर्षांत उत्पादन सुरू झाले नाही तर अधिकार आमच्याकडे परत यावेत, असे ते होते. त्या कलमाने आम्हाला सोडवले.

दुसऱ्या वेळी मी ठरवूनच गेले की कोणालाही एकाधिकार द्यायचा नाही. इन्शुलिनच्या शोधकर्त्यांनी १९२३ मध्ये आपले पेटंट नाममात्र एकेक डॉलर घेऊन टोरांटो विद्यापीठाला दिले होते, ते डोक्यात होते. पण एका लहान कारखान्याच्या मालकांनी मला समोर बसवून हिशोब दाखवला. सोळा नगांचा साचा, सिलिकोनचा वेगळा साचा, शरीराला अपाय नाही हे दाखवणाऱ्या आयएसओ १०९९३ च्या चाचण्या, इथिलीन ऑक्साइडने निर्जंतुक केल्यावर त्या वायूचा अंश सुरक्षित मर्यादेपेक्षा जास्त उरत नाही याची तपासणी, मग रुग्णालयांतल्या चाचण्या. "हा सगळा खर्च मी एकट्याने करायचा," ते म्हणाले, "आणि सहा महिन्यांनी दुसऱ्याने बाजारातून माझा संच विकत आणून, कापून, साचा पाडायचा. मग मी यात का पडू, ताई? दुसरा होऊ दे पहिला." माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हते. मणी सुचायला मला नफा लागला नव्हता, पण मणी निर्जंतुक पाकिटात जायला त्यांना नफ्याची खात्री लागत होती, आणि ती मागण्यात काही गैर नव्हते.

म्हणून आम्ही तीन वर्षांचा एकाधिकार दिला, तोही अटींवर. एका वर्षात माल बाजारात आला नाही तर करार आपोआप संपेल, आणि तीन वर्षांनंतर मागेल त्या उत्पादकाला त्याच दराने परवाना मिळेल. पेटंटची वीस वर्षांची मुदत मला इतक्या छोट्या वस्तूसाठी अवाजवी वाटते. साचा आणि चाचण्यांचा खर्च भरून निघायला तीन वर्षे पुरली, हे त्या मालकांनीच मला नंतर सांगितले. माल अकराव्या महिन्यात आला. गेल्या वर्षी एकाधिकार संपला आणि आणखी दोन उत्पादकांनी परवाना घेतला. त्यांच्यापैकी एकाने कडीची जाडी बदलून ती आमच्यापेक्षा चांगली केली आहे, आणि ती सुधारणा बाकीच्या दोघांना मोकळी ठेवली आहे.

आता आम्ही दोघी लहान मुलांच्या संचावर काम करत आहोत. मोठ्यांच्या एका प्रकारच्या संचात एका मिलिलिटरला वीस थेंब पडतात, तर लहान मुलांच्या संचात साठ. कुपी लहान, म्हणून मणीही चार मिलिमीटरचा. व्यास निम्मा केला की उचलणारे बल आठपट कमी होते आणि भोकावरची ओढ मात्र चौपटच कमी होते, म्हणजे जुनी अडचण दुप्पट होऊन परत आली आहे. या वेळी पेटंट न घेता सगळे आराखडे सरळ जाहीर करावेत असे माझे मत आहे. सिस्टर त्याला तयार नाहीत. "कागद होता म्हणून त्या कारखान्याने दार उघडले," असे त्या म्हणतात, आणि बाळांच्या संचाचा खप मोठ्यांच्या संचापेक्षा कितीतरी कमी असल्यामुळे त्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही. शेवटी आम्ही फक्त तात्पुरता अर्ज दाखल केला आहे. त्याच्या बारा महिन्यांत एकाधिकाराशिवाय साचा करायला तयार असणारा कोणी मिळाला, तर पूर्ण अर्ज करायचा नाही आणि आराखडे खुले करायचे, असे आमचे ठरले आहे. त्यातले पाच महिने गेले. दोन कारखान्यांनी नकार दिला आहे, तिसऱ्याने नमुना मागवला आहे, आणि चार मिलिमीटरचा मणी कुपी दाबल्यावर दहापैकी सात वेळा सुटतो आहे.